खुर्चीखालचे नाव

लग्नसराईच्या दिवसांत मनोर, पालघर, बोईसर या पट्ट्यातल्या कुठल्याही हॉलमध्ये जा. स्टेजवर एक सोनेरी कोच आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन सोनेरी खुर्च्या हटकून असतात. बाकदार पाय, पाठीच्या चौकटीवर वेलबुट्टी, माथ्यावर फुलांचा तुरा आणि बसायला लाल किंवा मोतिया रंगाची मखमल. मंडप-डेकोरेशनवाले तिला ‘महाराजा चेअर’ म्हणतात. नवरा-नवरी तिच्यावर बसून आहेर घेतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी ती टेंपोत उलटी पडून पुढच्या मुहूर्ताला रवाना होते. महाराजा हे नाव तिला कोणी दिले कोण जाणे. आपल्या जुन्या सदरेवर गादी असे, तक्के आणि लोड असत. ही खुर्ची तिथली नव्हे. तिचे माहेर पॅरिस, आणि तिचा जन्म अठराव्या शतकातला, पंधराव्या लुईच्या अमदानीतला.

आपल्याकडे ती फायबरची किंवा साध्या लाकडाची असते आणि सोने म्हणजे सोनेरी पावडरीचा फवारा. त्याबद्दल नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. दोन तास राजा-राणी व्हायची हौस कोणाला नसते? पण या खुर्चीच्या घराण्याविषयी मी थोडेफार वाचत गेलो तसा एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये खुर्च्या करणाऱ्यांची नावे, जन्मसाले आणि प्रत्येकाच्या हाताची खोड जगाला ठाऊक आहे. आणि माझ्या आजोबांची आरामखुर्ची मनोरात कोणी केली, हे आमच्या घरात कोणालाही सांगता येत नाही. असे का?

आधी त्या फ्रेंच खुर्चीची हकीकत सांगतो. ती एका माणसाच्या हातून होत नसे. सांगाडा करणारा सुतार वेगळा, त्यावर फुले-पाने कोरणारा वेगळा, सोने चढवणारा वेगळा आणि गादी-कापड बसवणारा वेगळा. प्रत्येकाची जमात, म्हणजे धंद्याची पंचायत म्हणा, निराळी, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात हात घातलेला चालत नसे. लाकूड बहुधा बीच नाहीतर अक्रोड. बीच हे तसे साधेच लाकूड, पण सगळे सोन्याखाली झाकले जाणार असल्याने त्याचे कोणाला काही वाटत नसे.

सोने चढवणे म्हणजे वर्ख चिकटवला आणि झाले, असे नव्हते. कोरलेल्या लाकडावर खडूची पूड आणि सरस यांचे हात एकावर एक, कधी दहा-दहा, द्यायचे. त्या पांढऱ्या लेपाने कोरीव काम बुजून जाई. म्हणून लेप वाळला की बारीक हत्यारांनी फुलाची पाकळी न् पाकळी पुन्हा कोरून मोकळी करायची. मग गेरूसारख्या तांबड्या मातीचा हात, त्यावर पाण्याने बसवलेला वर्ख आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटाई. काही भाग लखलखीत घोटायचा आणि काही मुद्दाम मंद ठेवायचा, म्हणजे दिव्याच्या उजेडात फूल उठून दिसते. ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही. तंजावरच्या चित्रांत खडूचा उठाव करून त्यावर सोन्याचा पत्रा बसवतात, तो याच जातीचा प्रकार. आणि त्या चित्रकलेला आश्रय दिला तो तंजावरच्या भोसल्यांनी, म्हणजे आपल्याच माणसांनी.

आता या खुर्चीची घडण. पंधराव्या लुईच्या काळात सरळ रेष जणू निषिद्ध होती. पाय वाकलेले, हात वळलेले, चौकट लाटेसारखी. एक गंमत अशी की खुर्चीच्या हातांचे खांब पुढच्या पायांच्या रेषेतून थोडे मागे सरकवले गेले, कारण त्या वेळच्या बायकांचे घेरदार घागरे खुर्चीत मावत नसत. आज आपल्या नवऱ्या मुली शालू सावरून त्या कोचावर सुखाने बसतात, त्यामागे कोणा फ्रेंच सरदारणीच्या घागऱ्याचे उपकार आहेत! पुढे सोळाव्या लुईच्या सुमारास वारे फिरले. पाय सरळ आणि खोबणीदार झाले, पाठ गोल किंवा चौकोनी झाली, आणि पाय जिथे चौकटीला मिळतो त्या ठोकळ्यावर एक नेटके फूल आले. हे बदल ज्यांच्या हातून घडले त्यांत लुई देलानुआ (१७३१–१७९२) आणि जॉर्ज जाकोब (१७३९–१८१४) ही नावे मोठी. जाकोब बरगंडीतल्या खेड्यातला पोर. १७६५ साली तो पॅरिसमध्ये उस्ताद म्हणून नोंदला गेला आणि पुढे त्याने राजवाड्यासाठी काम केले. राज्यक्रांतीत राजाचे डोके उडाले, पण जाकोब तगला आणि त्याच्या मुलाने नेपोलियनसाठी सामान केले.

ही नावे आपल्याला कशी कळली? कारण ती खुर्चीखाली आहेत. पॅरिसच्या सुतारांच्या जमातीने १७४३ साली नियम आखला आणि १७५१ पासून तो लागू झाला: प्रत्येक उस्तादाने आपल्या नावाचा लोखंडी ठसा विकाऊ मालावर, बसायच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, हातोडीने उठवायचा. जमातीचे तपासनीस वर्षातून चार वेळा कारखान्यात येत आणि काम पसंत पडले की जमातीचा वेगळा शिक्का मारत. हेतू कलावंताचा गौरव करावा हा नव्हता. माल खराब निघाला तर कोणाला धरायचे हे कळावे, आणि परवाना नसलेल्याने धंदा करू नये, एवढाच व्यवहारी हिशेब होता. १७९१ साली जमाती मोडल्या. १७९३–९४ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातले सामान लिलावात काढले गेले, सतरा हजारांहून अधिक लॉट, आणि खुर्च्या जगभर पांगल्या. घर सुटले, मालक गेले, कापड फाटले, सोने झडले. खालचे नाव मात्र राहिले. त्या नावाच्या आधाराने पुढच्या अभ्यासकांनी कोणाचा हात कसा होता हे जुळवत आणले.

तरीही या गोष्टीत एक मेख आहे. ठसा असे तो सांगाडा करणाऱ्या सुताराचा. ज्याच्या हाताने गुलाब उमलला तो कोरक आणि ज्याने त्यावर सोने घोटले तो मुलामेवाला, यांचा ठसा खुर्चीवर नसे. निकोला अर्तो नावाचा एक कोरक होता. त्याने १७५३ साली सुतारांच्या जमातीतही उस्तादकी मिळवली आणि मग कुठे त्याच्या खुर्च्यांवर त्याचे नाव आले. त्याच्यासारखे अपवाद सोडले तर जगप्रसिद्ध फ्रेंच खुर्चीवरचा सर्वांत सुंदर भाग ज्याने केला, त्याला खुर्चीवर नाव नाही. तेव्हा तिकडे सारे आलबेल होते आणि आपल्याकडे सारा अंधार, असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

आता आपल्या मनोरकडे वळू. योगायोग पाहा. चिमाजीअप्पांनी वसई घेतली ती मे १७३९ मध्ये, आणि जॉर्ज जाकोब जन्मला तो त्याच सालच्या जुलैत. वसईच्या त्याच मोहिमेत आमच्या मनोरजवळचा अशेरीचा किल्लाही पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. अशेरी पोर्तुगीजांना मोलाची वाटे त्याचे एक कारण तिच्या भोवतीचा साग. जहाजबांधणीला त्या लाकडाची फार मागणी होती. तिकडे साध्या बीचवर सोने चढवून त्याचे दैन्य झाकत होते आणि इकडे ज्याला सोन्याची गरज नाही असे लाकूड डोंगरावर उभे होते. सागाला तेलाचा एक हात दिला की तो आपणच सोन्यासारखा दिसतो, हे आपल्या भागातल्या कोणत्याही सुताराला विचारा.

त्या सागाचे आणि या मातीतल्या माणसांचे नाते मात्र सुखाचे राहिले नाही. जंगल राखीव झाले, ठेकेदार आले, आणि वारली-कातकऱ्यांनी लाकूड तोडायचे ते दुसऱ्याच्या हिशेबात, पुष्कळदा वेठीने. १९४५ ते १९४७ च्या वारल्यांच्या लढ्यात वेठबिगार आणि मजुरी हेच प्रश्न होते. आजही स्वतःच्या शेताच्या बांधावरचे सागाचे झाड परवान्याशिवाय तोडता येत नाही. कायद्याने झाडाची नोंद होते, वाहतुकीच्या पासावर लाकडाची नोंद होते, डेपोत ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का बसतो. म्हणजे जंगलातून निघालेल्या ओंडक्यावर सरकारचा ठसा असतो. पण त्याच ओंडक्याची खुर्ची झाली की करणाऱ्याचा ठसा तिच्यावर नसतो.

जुन्या गावगाड्यात त्याची गरजही नव्हती. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, गाडीचे चाक, पाळणा, देव्हारा, सगळे त्याच्याकडून व्हायचे आणि सुगीला त्याला धान्याचा वाटा जायचा. अमुक खुर्ची कोणी केली, हा प्रश्नच उद्भवत नसे; गावात सुतार एक, नाहीतर दोन. पाय डुगडुगला तर सरळ त्याच्या अंगणात खुर्ची नेऊन टाकायची. सगळ्यांना माहीत होते म्हणून कोणी लिहिले नाही, आणि माहीत असलेली माणसे गेली तेव्हा ती माहितीही त्यांच्याबरोबर गेली. आमच्या आजोबांच्या खुर्चीचे नेमके हेच झाले. जुन्या घराची तुळई काढली तिच्या सागातून ती केली, एवढे माझ्या आत्याला आठवते. करणारा कोण, तर ‘आपला सुतार’. त्या ‘आपला’ शब्दात जिव्हाळा पुष्कळ आहे, पण त्यावरून माणूस सापडत नाही. आणि त्या माणसाने खुर्चीच्या हाताच्या टोकाला असा काही गोल दिला आहे की तीन पिढ्यांचे तळवे त्यावर विसावले, तरी तो आज हाताला नवाच लागतो.

पॅरिसचे सुतार ठसा मारू लागले, कारण ते मोठे शहर होते आणि घेणारा-करणारा एकमेकांना ओळखत नव्हते. आज आपणही तसेच झालो आहोत. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्ह्याचे ठिकाण झाले, बोईसर-तारापूरला कारखान्यांभोवती वसाहती वाढल्या, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर दुकाने लागली. आपण सोफा शोरूममधून घेतो किंवा घरबसल्या मागवतो. घेणारा करणाऱ्याला ओळखत नाही. म्हणजे गावगाड्यातली ओळख गेली आणि शहरातला ठसा आला नाही. दोन्हींकडून आपण मोकळे!

नाव घालायची आपल्याला आवड नाही, असेही म्हणता येणार नाही. आपल्या स्वयंपाकघरातली मांडणी पाहा. तांब्या, ताट, पातेले, कळशी. प्रत्येकावर नाव आहे, तारीख आहे, ‘सप्रेम भेट’ आहे. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव आहे, पंख्याच्या पात्यावर आहे, एसटी स्टँडच्या बाकड्यावर आहे. भांड्यांवर नाव घालणारा कारागीर दुकानाबाहेर बसून आयुष्यभर हजारो नावे ठिपक्या-ठिपक्यांनी उमटवतो. त्यात मामा असतो, आत्या असते, ऑफिसातला मित्रवर्ग असतो. भांडे घडवणारा तांबट मात्र कुठेच नसतो, आणि नाव घालणारा तर नसतोच नसतो. नाव देणाऱ्याचे घालायचे, करणाऱ्याचे नाही, ही आपली रीत पडून गेली आहे.

याच रीतीने आपण काय काय गमावले? एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी फर्निचरचा मोठा धंदा होता. मेडोज स्ट्रीट भागात दुकाने होती, आणि फ्रेंच वळणाच्या खुर्च्यांवर आपले कारागीर द्राक्षवेली, पक्षी आणि वाघाचे पंजे अशा बारकाईने कोरत की ते सामान साहेबांच्या बंगल्यांत आणि बोटीतून विलायतेत जाई. त्यातले काही आजही मुंबईच्या चोरबाजारात किंवा परदेशातल्या लिलावात दिसते. खाली ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ एवढेच लिहितात. कोरणाऱ्याचे नाव सहसा सापडत नाही. आपण मात्र त्या काळाचा एकच शब्द जपून ठेवला आहे: ‘फ्रेंच पॉलिश’. त्यातही मौज अशी की त्या पॉलिशची चपडी आपल्याच देशातल्या जंगलातल्या लाखेची. म्हणजे लाख आपली, कापसाचा बोळा फिरवणारा हात आपला, आणि नाव फ्रान्सचे.

स्वतंत्र भारतातले उदाहरण चंदीगडचे. १९५० नंतर नव्या राजधानीसाठी ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पियेर जानरे यांच्या मार्गदर्शनाखाली सागाच्या साध्या, देखण्या खुर्च्या तयार झाल्या. कचेऱ्यांतून आणि विद्यापीठातून त्या हजारांनी वापरल्या गेल्या, मोडल्या, गच्चीवर फेकल्या गेल्या आणि भंगारात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलून नेल्या आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्यांना लाखांनी रुपये आले. २०११ मध्ये केंद्र सरकारने या वारशाच्या वस्तूंची विक्री रोखण्याचा आदेश काढला. त्या खुर्च्या ओळखण्याची एक खूण म्हणजे पाठीमागे रंगाने लिहिलेले खात्याचे नाव आणि क्रमांक. खुर्ची कोणत्या खात्याची हे सरकारने न विसरता लिहिले. ती ज्या सुतारांनी केली त्यांचे नाव लिहायला तिथे जागा होती, पण लिहिले गेले नाही. आज जग त्यांना ‘जानरे चेअर’ म्हणते.

यावर कोणी म्हणेल, नावाचा एवढा हव्यास बरा नव्हे. नाव आले की नकलाही आल्या. हे खरे आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द फ्रान्सनेच दिला. बिल पालो हे फ्रेंच खुर्च्यांचे सर्वांत मोठे जाणकार मानले जात. १९८७ साली आलेला त्यांचा ग्रंथ या विषयातला प्रमाणग्रंथ समजला जाई. त्यांनी ब्रूनो देनू या नामांकित कोरकाला हाताशी धरून २००७–०८ च्या सुमारास अठराव्या शतकातल्या म्हणून नव्या खुर्च्या तयार करायला सुरुवात केली. जाणकारांना फसवता येते का ते पाहू, अशा गमतीने आरंभ झाला असे त्यांनी सांगितले. देलानुआने मादाम द्यु बारीसाठी केलेल्या म्हणून काही खुर्च्या चक्क व्हर्सायच्या संग्रहालयाने घेतल्या. मारी आंत्वानेतच्या म्हणून दोन खुर्च्या कतारच्या राजघराण्यातल्या एकाने वीस लाख युरोंना घेतल्या. पालोंच्याच एका माजी विद्यार्थ्याला संशय आला आणि त्याने म्हणे चक्क लाकूड चाटून पाहिले, तर ज्येष्ठमधाची चव लागली. नवे लाकूड जुने दिसावे म्हणून ज्येष्ठमध फासला होता! पोलिसांचा तपास मात्र सुरू झाला तो पैशाच्या संशयास्पद व्यवहारांवरून. जून २०२५ मध्ये न्यायालयाने पालोंना चार वर्षांची, कोरकाला तीन वर्षांची शिक्षा दिली. दोघांचीही बहुतेक शिक्षा स्थगित ठेवली आणि दंड केला अनुक्रमे दोन लाख आणि एक लाख युरो.

फसवणूक ती फसवणूक. तिचे समर्थन होऊच शकत नाही. पण ही बातमी वाचताना मला वाटले ते असे. आज जिवंत असलेला एक माणूस देलानुआच्या तोडीचे कोरू शकतो, इतके की व्हर्सायच्या तज्ज्ञांना फरक कळत नाही. मग त्याने स्वतःच्या नावाने तीच खुर्ची केली असती तर तिला त्या किमतीचा किती हिस्सा मिळाला असता? नकला होतात त्या नाव लिहिले म्हणून नव्हे. गेलेल्या माणसाच्या नावाला आपण सोन्याचा भाव देतो आणि समोर बसून पटाशी चालवणाऱ्याला रोजाचा, म्हणून त्या होतात. तेव्हा इलाज नाव पुसण्यात नाही. जिवंत असतानाच नाव लिहिण्यात आणि त्याचे मोल देण्यात आहे.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त असतो. आपली परंपराच निनावी आहे, वेरूळचे लेणे कोरणाऱ्यांनी कुठे सह्या केल्या, हा नम्रपणा आपले भूषण आहे, असे सांगितले जाते. पण कर्नाटकात होयसळांच्या देवळांत जा. मूर्तीच्या पायथ्याशी मल्लितम्मा या शिल्पकाराने आपले नाव कोरलेले स्वच्छ दिसते, आणि त्याचे एकट्याचे नव्हे. संधी होती तिथे आपल्या कारागिरांनीही नाव लिहिले. नम्रपणा कारागिराने स्वतः होऊन पत्करला तर त्याला वंदन करावे. आपण त्याचे नाव विचारायचे विसरलो आणि त्याला नम्रपणा म्हटले, तर तो आपला सोयीस्करपणा झाला.

आणि फार लांब जायला नको. आपल्या डहाणू तालुक्यातच हे बदललेले आपण पाहिले आहे. वारली चित्रे म्हणजे लग्नाचा चौक. सुवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचा, आणि त्यावर नाव कोणाचे नाही. पुढे कागद आला आणि गंजाडजवळच्या जिव्या सोमा मशे यांचे नाव चित्रांबरोबर जगभर गेले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. नाव आल्याने चित्राचा चौक बिघडला नाही. उलट त्यांच्यामागून कितीतरी तरुण हात चित्राखाली आपले नाव लिहू लागले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. जे भिंतीवरच्या रेषेला जमले ते लाकडावरच्या रेषेला का जमू नये?

गेल्या वर्षी मी एक छोटी बैठी खुर्ची करून घेतली. सुतार इथलाच, वडिलांच्या हाताखाली शिकलेला. काम झाल्यावर मी म्हटले, ‘‘भाऊ, खाली तुमचं नाव आणि साल घाला.’’ तो हसायलाच लागला. ‘‘नाव कशाला, काका? उद्या पाय मोडला तर नाव घेऊन शिव्या घालाल!’’ मी म्हटले, ‘‘म्हणूनच घाला.’’ मग त्याने पटाशी घेतली. आश्चर्य असे की त्यानंतर त्याने खुर्ची पुन्हा एकदा तपासली, एका सांध्यावर परत रंधा मारला, खालची बाजूसुद्धा पॉलिशपेपरने घासली आणि मगच नाव कोरले. पॅरिसच्या जमातीला ठशातून जे साधायचे होते ते आमच्या अंगणात पाच मिनिटांत साधले. पेपरात मात्र नाव छापू नका, असे त्याने बजावले आहे. लोक उधारीची कामे घेऊन येतील म्हणतो. त्याचा मान मी राखतो.

माझे मागणे फार मोठे नाही. घरात कोणाकडूनही लाकूडकाम करून घ्याल तेव्हा करणाऱ्याचे नाव, गाव आणि साल आतल्या बाजूला घालून घ्या. कोरीव काम वेगळ्या माणसाने केले असेल तर त्याचे नावही घाला. पॅरिसने केलेली चूक आपण कशाला करायची? कोरणाईचे पैसे लाकडाच्या फुटावर न मोजता निराळे द्या. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकणाऱ्या मुलांना पहिल्या स्टुलावरच आपले नाव घालायला शिकवावे. फर्निचरच्या दुकानदारांनी, निदान हाताने केलेल्या मालावर, ‘करणारा अमुक’ अशी एक पट्टी लावावी. किंमत वाढली तर ती थोडी त्यालाही पोचू द्यावी.

आणि जुने सामान? भंगारवाला येतो, ‘‘पुराना फर्निचर’’ म्हणून ओरडतो, आणि प्लायवुडच्या कपाटाला जागा हवी म्हणून आपण शिसवी पलंग, सागाची आरामखुर्ची त्याच्या हातगाडीवर चढवतो. देण्याआधी एकदा ती उलटी करून पाहा. नाव नसेलच; पण घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्याला शेजारी बसवून विचारा: कोणी केली, लाकूड कुठले, कोणाच्या लग्नात आली, किती रुपये पडले. उत्तर मिळेल ते कागदावर लिहून चौकटीच्या आत डकवा. आमच्या आत्याचे वय आज ८८ आहे. सुताराचे नाव तिला आठवत नाही, पण त्याचे घर मनोरच्या कोणत्या आळीत होते ते परवा तिला आठवले. तेवढे मी लिहून ठेवले आहे, आणि येत्या सुटीत त्या आळीत चौकशीला जाणार आहे.